तज्ज्ञांची पाणबुडी

पैज लागली ती पावावरून.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने सकाळी सकाळी नवीन पाटी लावली, 'सबमरीन मिळेल', आणि पाटीखाली हातभर लांबीचे, पोट फाडून आत काकडी-टोमॅटो कोंबलेले पाव ओळीने निजवून ठेवले. इमारतीतली मंडळी दूध न्यायला आली होती, ती दूध विसरून पावांभोवती उभी राहिली. दर्यावर्दींनी त्यातला एक पाव दोन्ही हातांनी उचलला, डोळ्यांसमोर आडवा धरला आणि नाक मुरडलं.

"ही सबमरीन? हिला मान कुठे आहे?"

"मान लावली तर कागदात गुंडाळता येत नाही हो काका," बेकरीवाला म्हणाला. "आणि घेणार नसाल तर खाली ठेवा. दाबू नका."

दर्यावर्दी म्हणजे पहिल्या मजल्यावरचे. पांढरी कातरलेली दाढी, नांगराचं चित्र असलेली टोपी आणि बोलण्यात कायम वादळ. आयुष्यभर बोटीवर नोकरी केली हे खरं. ती बोट खाडीच्या या काठावरून त्या काठावर जायची आणि परत यायची, मध्ये धड चहा पिण्याइतकाही वेळ नसायचा, हेही खरं. पण पाण्यावर तरंगणारी कुठलीही वस्तू असो, अगदी बादलीतला मग का असेना, तिच्याबद्दल शेवटचा शब्द आपला, असा त्यांचा हक्क होता.

आणि नेमके तिथेच तज्ज्ञ उभे होते.

तज्ज्ञ हे काही त्यांचं नाव नव्हे. गृहस्थ विमा कंपनीच्या कचेरीत कारकून. एकदा त्यांनी नळवाल्याला "इथे ठोक बिनधास्त, इथून पाइप जात नाही" असं सांगितलं आणि जिन्यात कारंजं उडालं, त्या दिवशी इमारतीने त्यांना ही पदवी बहाल केली. ती त्यांनी मनापासून स्वीकारली. रस्ता चुकलेल्या माणसाने पत्ता विचारला, तर तो ठाऊक नसला तरी तज्ज्ञ सांगायचे. हातवारे करून, खुणेच्या झाडासकट सांगायचे. त्यांनी वाटेला लावलेली काही माणसं अजून कुठेतरी चालतच असतील. 'मला माहीत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून बायकोनेसुद्धा कधी ऐकले नव्हते.

"पाणबुडीला मान लागतेच असं नाही," तज्ज्ञ म्हणाले. "मुख्य गोष्ट पोट. पोट जड झालं की खाली, हलकं झालं की वर. साधं आहे."

"साधं?" दर्यावर्दींनी पाव खाली ठेवला. बेकरीवाल्याने तो घाईने पुसून घेतला.

"पाणबुडी म्हणजे खरं तर पक्षी," मध्येच तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला. "आमच्या तळ्यावर असायचा. एवढासा. डुबकी मारली की आपण इकडे बघत बसतो, तो भलतीकडेच वर येतो."

"माझ्या दृष्टीने पाणबुडी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे," इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले. "मीटिंगला बोलावलं की खाली. चहा आला की वर."

"आमच्या कचेरीतही एक आहे," तज्ज्ञ म्हणाले. "पण तो विषय वेगळा. मी तत्त्वाबद्दल बोलतोय. तत्त्व कळलं की पाणबुडी कोणीही करील. घरच्या घरी."

आता हे शेवटचे दोन शब्द गिळले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण शब्द गिळण्याची सवय नव्हती ना.

"घरच्या घरी!" दर्यावर्दी सगळ्यांकडे वळून म्हणाले. "ऐकलंत? मी समुद्रावर केस पांढरे केले..."

"खाडीवर," शिंपी म्हणाला.

"...आणि हे म्हणतात घरच्या घरी! करून दाखवा. पाण्यात सोडायची, पूर्ण बुडली पाहिजे, आणि तासाभराच्या आत आपली आपण वर आली पाहिजे. दोरी नाही, ओढाओढ नाही. बोला!"

"दाखवतो," तज्ज्ञ म्हणाले.

हरणाऱ्याने काय करायचं यावर बराच खल झाला. बेकरीवाल्याने सगळ्यांना एकेक सबमरीन द्यावी असं सुचवलं, पण त्याचं कोणी ऐकलं नाही. मग दर्यावर्दींनी दाढीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "तज्ज्ञ हरले तर त्यांनी रविवारी सकाळी फाटकापाशी खुर्ची टाकून तासभर बसायचं. कोणीही यावं, काहीही विचारावं. यांनी एकच उत्तर द्यायचं. 'मला माहीत नाही.'"

तज्ज्ञांचा चेहरा खर्रकन उतरला. कोणी मुंडण करायला सांगितलं असतं तरी एवढा उतरला नसता.

"आणि तुम्ही हरलात तर ही दाढी," ते कसेबसे म्हणाले. "इथे, फाटकापाशी, सगळ्यांदेखत."

दर्यावर्दींचा हात दाढीवर होता तो तिथेच घट्ट झाला. पण माघार कोण घेणार? बेकरीवाल्याच्या पाटीखाली हात मिळवले गेले. दूध न्यायचं सगळेच विसरले.

घरी आल्यावर तज्ज्ञ स्वयंपाकघरात गेले आणि मोठ्या कुकरकडे नुसते बघत उभे राहिले. बायको कांदा चिरत होती. नवरा भांड्याकडे प्रेमाने बघायला लागला की ते भांडं आपल्या हातचं गेलं, हे तिला अनुभवाने कळलेलं होतं.

"त्याला हात लावायचा नाही."

"अगं, झाकण घट्ट बसतं, रबर आहे, पत्रा जाड आहे. यात आपल्या दोघांचा मान आहे."

"तो आईने दिलेला कुकर आहे. त्यात आईचा मान आहे."

आई, म्हणजे तज्ज्ञांच्या सासूबाई, त्या महिन्यात मुक्कामालाच होत्या. बाहेरच्या खोलीतून त्यांचा आवाज आला, "नेऊ दे गं त्यांना. बायकोच्या माहेरची वस्तू बुडवायची हौस असते एकेकाला. आणि जावईबापू, मनाला लावून घेऊ नका हं, पण मी दर्यावर्दींच्या बाजूने आहे."

"आई, निदान घरच्या माणसाने तरी..."

"घरच्या माणसाला ओळखते म्हणूनच."

पण एक मान्य करावंच लागेल. तज्ज्ञांची कल्पना झकास होती. कुकरमध्ये त्यांनी एवढी वाळू भरली की तो जेमतेम तरंगावा. शिट्टीचं भोक मेणाने बुजवलं. शिंप्याकडून त्याची जुनी, कोळशाची, मणभर जड वाटणारी इस्त्री मागून आणली आणि ती कुकरच्या खाली टांगली. टांगली ती मात्र सरळ नव्हे. मध्ये सैंधवाचा एक मोठा खडा, त्याला आरपार भोक, एका बाजूने कुकरची दोरी, दुसऱ्या बाजूने इस्त्रीची. इस्त्रीच्या वजनाने कुकर खाली जाणार. पाण्यात खडा विरघळणार. विरघळला की इस्त्री सुटून तळालाच राहणार आणि कुकर टुणकन वर! ना दोरी, ना ओढाओढ.

दर्यावर्दींच्या समाधानासाठी त्यांनी झाकणावर एका मोडक्या छत्रीची मूठसुद्धा बसवली. मान म्हणून.

न्हाणीघरातल्या पिंपात पहिली चाचणी झाली. इस्त्री 'धप्'कन आपटून पिंपाचा तळ चेपला आणि कुकर बुडाला. तज्ज्ञ, बायको आणि सासूबाई पिंपाभोवती श्वास रोखून उभे राहिले. जरा वेळाने आत 'बुळुक्' झालं आणि छत्रीची मूठ ऐटीत वर आली.

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या. एवढंच. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी जावयाला न मागता दुसरी पोळी वाढली.

पिंपात जमलं, आता खोल पाण्यात बघायला हवं, म्हणून तज्ज्ञ कुकर पिशवीत घालून सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर गेले. तिथल्या खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "कोण पोहणार?"

"ही." तज्ज्ञांनी पिशवी उघडून दाखवली.

"वय?"

"आमच्या लग्नातला आहे."

"मग मोठ्यांच्या वेळेत. डोक्याला टोपी पाहिजे, आधी अंघोळ पाहिजे, आणि कातडीचा रोग नसल्याचा डॉक्टरांचा दाखला पाहिजे."

"अहो, हा कुकर आहे!"

"साहेब, नियमात माणूस असं लिहिलेलं नाही. 'पाण्यात उतरणारा प्रत्येक' असं लिहिलंय. हा पाण्यात उतरणार ना?"

तज्ज्ञांनी पिशवीचं तोंड बंद केलं. ते निमूट डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणजे इमारतीसमोरचा दवाखाना, सगळ्या गल्लीच्या सर्दी-खोकल्याचा मालक. मोठा मिस्कील माणूस. त्यांनी कुकर टेबलावर उताणा घेतला, चष्मा लावला.

"तळाला काळे डाग आहेत. केव्हापासून?"

"दूध उतू गेलं होतं तेव्हापासून."

"खाज वगैरे?"

"डॉक्टर!"

"विचारावं लागतं हो. घरात आणखी कोणाला असे डाग आहेत?"

"कढईला."

"हं. आनुवंशिक दिसतंय." त्यांनी दाखला लिहून दिला. 'डाग जुने असून संसर्गजन्य नाहीत.' खाली सही, शिक्का.

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ मोठ्यांच्या वेळेत तलावावर हजर झाले. कुकरला शॉवरखाली अंघोळ घातली. छत्रीची मूठ बाहेर राहील अशा बेताने रबरी टोपी चढवली. पाच-पंचवीस लोक पोहायचं सोडून कठड्याला धरून बघत होते, आणि तज्ज्ञ मान ताठ ठेवून, आपण कोणाला ओळखत नाही असा चेहरा करून काठाकाठाने चालत होते. खोल पाण्यापाशी त्यांनी पाणबुडी अलगद सोडली. ती बुडायला लागली.

'फुर्रर्र!' शिट्टी झाली, आणि उंच खुर्चीवरून तलावाचा जीवरक्षक धाडकन पाण्यात. बापड्याची एवढी वर्षं नोकरी झाली होती, पण त्याच्या पाळीत कधी कोणी बुडालंच नव्हतं. अंगात वाचवण्याची नुसती खुमखुमी साठलेली. त्याने कुकर काखेत मारला, इस्त्रीसकट काठावर आणून टाकला.

"अहो, ती बुडायलाच आली आहे!" तज्ज्ञ ओरडले.

"सगळे आधी असंच म्हणतात," जीवरक्षक धापा टाकत म्हणाला. "नंतर आभार मानतात."

तज्ज्ञांनी त्याला तत्त्व समजावलं. त्याने मान डोलावली. पाणबुडी पुन्हा सोडली, पुन्हा शिट्टी, पुन्हा धाडकन. "काय करू साहेब, बुडताना दिसलं की माझे पाय ऐकत नाहीत." तिसऱ्या वेळी तर त्याने कुकर काठावर पालथा घातला आणि पाठीवर थापट्या मारायला सुरुवात केली. मेण निघालं, वाळू बाहेर आली, बघणाऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खिडकीतला माणूस बाहेर येऊन म्हणाला, "पोहता येत नसेल तर आधी शिकवणीला घाला. नवशिक्यांची वेळ वेगळी आहे."

तर तलाव बाद झाला. राहिली इमारतीची जमिनीखालची टाकी.

टाकी चांगली दोन पुरुष खोल. तिचं लोखंडी झाकण फाटकाच्या आत, जिन्याच्या बाजूला. पण टाकीत सुई टाकायची म्हटली तरी कमिटीची परवानगी लागायची. सेक्रेटरींनी मीटिंग बोलावली. तिसऱ्या मजल्यावरचे चहाच्या वेळी वर आले.

"पिण्याच्या पाण्यात मीठ?" चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या. "मला डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. कोर्टात जाईन."

"मग साखरेचा खडा लावू," तज्ज्ञ म्हणाले.

"मला साखर बंद आहे," सेक्रेटरी म्हणाले. "मीटिंगचा अध्यक्ष मीच. नामंजूर."

"गूळ?" कोणीतरी म्हणालं. त्याच्याकडे सगळ्यांनी नुसतं बघितलं.

"तुरटी!" सेक्रेटरी टेबलावर थाप मारून म्हणाले. "तुरटीला कोणाची ना नाही. पाणी उलट नितळ होईल. तुरटीला परवानगी."

शिंपी कोपऱ्यात बसला होता. त्याने साधा प्रश्न विचारला. "पण काय हो तज्ज्ञ, तुरटी मिठाएवढ्याच वेळात विरघळते का?"

आता बघा. माणसाच्या आयुष्यात एखादी वेळ अशी येते की तीन शब्द तोंडातून बाहेर पडले तर सगळं निभावतं. पिंप घरात होतं. तुरटी वाण्याकडे होती. 'मला माहीत नाही, बघून सांगतो' एवढं म्हणायचं, घरी जायचं, खडा पाण्यात टाकायचा आणि बघायचं. पण समोर दर्यावर्दी दाढी कुरवाळत बसले होते.

"तेवढ्याच वेळात," तज्ज्ञ पापणीही न हलवता म्हणाले. "किंबहुना थोडी आधीच."

शनिवारी सकाळी टाकीचं झाकण उघडलं. जिन्यात, गॅलऱ्यांत, फाटकावर, सगळीकडे माणसं. बेकरीवाला टोपलीत सबमरीन घेऊन आला होता आणि त्या खपतही होत्या. तज्ज्ञांनी पुन्हा वाळू भरली, मेण लावलं, मुठीएवढा तुरटीचा खडा बांधला. बायको गॅलरीत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण ती नवऱ्याची की कुकरची हे काही कळत नव्हतं. पाणबुडी पाण्यात गेली, छत्रीच्या मुठीने एकदा चौफेर बघितल्यासारखं केलं, आणि बुडाली. टाळ्या पडल्या.

मग सगळे वाट बघायला लागले.

पहिला पाव तास विनोद झाले. पुढच्या पाव तासात विनोद संपले. नंतर एकेक जण टाकीत डोकावून तज्ज्ञांकडे बघायला लागला. तज्ज्ञ म्हणत होते, "येईल. गार पाण्याला जरा वेळ लागतो. येईल." त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. शेवटी दर्यावर्दींनी खिशातून कंगवा काढला आणि टाकीच्या पाण्यात बघून, आरशात बघावं तशी, दाढी विंचरली. तास संपला होता.

"शांत समुद्र," ते म्हणाले. "क्षितिजावर काही दिसत नाही."

खरा गोंधळ पुढेच झाला. पैज गेली ती गेली, निदान कुकर तरी काढावा, म्हणून गळ टाकला, तर गुळगुळीत कुकरवरून आणि छत्रीच्या सरळ मुठीवरून तो सारखा सटके. टाकीत वस्तू अडकलेली असताना पंप लावायचा नाही, असा सेक्रेटरींनी हुकूम काढला. म्हणजे दिवसभर वर पाणी बंद. जो तो रिकाम्या बादल्या घेऊन तज्ज्ञांच्या दारावरून जाताना त्या मुद्दाम जिन्यावर आपटत जाऊ लागला. सेक्रेटरींनी पाणीखात्याला फोन लावला.

"तक्रार कसली?" पलीकडून आवाज आला. "कमी दाब की गढूळ?"

"पाणबुडी."

"काय?"

"टाकीत पाणबुडी आहे. खाली बसलीय. वर येत नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, "आमच्याकडे पाणबुडी असा प्रकार नाही हो. 'परकीय वस्तू' म्हणून घेतो. आपली आहे की शत्रूची?"

"सध्या," सेक्रेटरी तज्ज्ञांकडे बघत म्हणाले, "शत्रूचीच म्हणा."

रविवारी सकाळी तज्ज्ञ फाटकापाशी खुर्ची टाकून बसले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. हरायचं तर नीटनेटकं हरावं. दर्यावर्दी शेजारी घड्याळ घेऊन उभे होते. समोर रांग लागली होती. कोणाकोणाला केव्हापासून काय काय विचारायचं होतं कोण जाणे!

पहिला शिंपी. "तुरटी मिठाएवढ्या वेळात विरघळते का हो?"

तज्ज्ञांचे ओठ हलले. जन्मात पहिल्यांदा ते शब्द बाहेर पडत होते. "मला... मला... माहीत नाही."

जिन्यातून टाळ्या. "हेच आधी म्हणायचं!" शिंपी म्हणाला आणि बाजूला झाला.

"पृथ्वी गोल आहे का?" डॉक्टर.

"मला माहीत नाही."

"बेकरी कुठे आहे?" बेकरीवाला.

"मला माहीत नाही."

"जावईबापू, कुकर कोणी दिला होता?" सासूबाई.

"मला माहीत नाही."

"आठवणार कसं! बुडाला ना."

मग बायको आली. पदर खोचून समोर उभी राहिली. "माझा वाढदिवस केव्हा असतो?"

"मला माहीत नाही."

"बघा," ती वळून सगळ्यांना म्हणाली. "हे एक मात्र खरं बोलले."

अशी मजा रंगात आली असताना फाटकापाशी जीप थांबली आणि पाणीखात्याचे साहेब उतरले. रविवारी, आणि तेही तक्रारीच्या दुसऱ्याच दिवशी! 'परकीय वस्तू' वाचून वरपर्यंत सगळ्यांची झोप उडाली होती म्हणे. मागे दोन माणसं, हातात शिडी आणि दोरखंड. साहेबांनी झाकण उघडायला लावलं, आत वाकून बघितलं, आणि त्याच क्षणी आत खोल कुठेतरी 'बुळुक्' आवाज झाला.

छत्रीची मूठ डौलात वर आली.

जिन्यातून असा जल्लोष झाला की जणू सगळ्यांनीच तज्ज्ञांवर पैज लावली होती. तज्ज्ञ खुर्चीतून अर्धवट उठले. डोळे पाण्याने भरले. "आली! बघा, आपली आपण..." एवढ्यात दर्यावर्दींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. "तास व्हायचाय. बसा."

साहेबांनी कुकर बाहेर काढला. उलटसुलट केला. लोंबणाऱ्या दोरीला चिकटलेला तुरटीचा कपटा चिमटीत धरून बघितला. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू मावळल्या.

"तुरटी! म्हणजे ही विरघळली की वजन सुटणार, आणि... वा! वा! आमच्या खात्यात एवढे शिकलेले आहेत, कोणाला सुचलं नसतं. डोकं आहे हो या माणसाला." त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि ती बरोबर खुर्चीत बसलेल्या माणसावर थांबली. "कोणी केलीय ही?"

बायकोने फाटकाचा गज घट्ट धरला. आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट बघावी तो प्रश्न, एका सरकारी साहेबाच्या तोंडून, सगळ्या इमारतीसमोर, तज्ज्ञांना विचारला गेला होता. त्यांनी दर्यावर्दींच्या घड्याळाकडे बघितलं. दर्यावर्दींनी गोड हसून मान हलवली. नाही.

"मला," तज्ज्ञ म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापरा झाला, "माहीत नाही."

"अरेरे! असा माणूस आणि कोणाला माहीत नाही?"

दर्यावर्दींकडे बघण्यासारखं होतं. पाण्यावर तरंगणारी वस्तू, तिचं एवढं कौतुक, साहेब समोर, आणि तिच्यावर कोणाचाच दावा नाही! त्यांनी टोपी सारखी केली. दाढीवरून हात फिरवला. पाय आपोआप पुढे पडला.

"आता एवढं विचारताय म्हणून सांगतो," ते म्हणाले. "मीच. समुद्रावर केस पांढरे केलेत."

तज्ज्ञांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, पिपाणीसारखा. सेक्रेटरी काही बोलायला गेले, तर सासूबाईंनी त्यांचा सदरा मागून ओढला.

"शाबास!" साहेब म्हणाले. "तुमचंच काम होतं. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत जो वस्तू सोडतो, त्याने टाकी स्वतः घासायची, धुऊन द्यायची. आमच्यादेखत. नियमच आहे. अरे, शिडी लावा. आणि यांना एक ब्रश द्या."

दर्यावर्दींची दाढी एकदम कोमेजल्यासारखी दिसली. "नाही, म्हणजे... मी आपलं गमतीने... ही यांची आहे हो! यांनी केली! काल सगळ्यांनी बघितलंय!" ते खुर्चीकडे धावले आणि तज्ज्ञांचा दंड धरून गदगदा हलवायला लागले. "सांगा ना हो! तुमची आहे ना ती? तुमचीच आहे ना?"

तज्ज्ञ अगदी सरळ बसले.

"मला माहीत नाही."

त्यानंतर जिन्यात जे हसणं सुरू झालं ते मजल्यामजल्याने वर गेलं आणि गच्चीवरून खाली आलं. चौथ्या मजल्यावरच्या आजींना पाणी पाजावं लागलं. तेही शेजारच्या इमारतीतून आणून. साहेबांच्या माणसांनी पंप लावून पाणी काढलं. टोपी सासूबाईंच्या हातात देऊन, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, आयुष्यभर बोटीवर राहिलेला माणूस पहिल्यांदाच पाण्यात उतरला. वरून सल्ल्यांचा पाऊस पडत होता. "कोपरे नीट घासा!" "शेवाळ सोडू नका, काका!" "माझी इस्त्री दिसते का बघा!" आतून आवाज घुमून येत होता, पण काय म्हणताहेत ते नीट कळत नव्हतं, हे एका अर्थी बरंच होतं.

तास संपला. शिंप्याने तसं ओरडून सांगितलं. रांग पांगली, साहेब चहाला गेले, बायको कुकर काखेत मारून वर निघाली. तज्ज्ञ मात्र खुर्ची उचलून टाकीच्या कडेला घेऊन गेले आणि निवांत बसले.

खालून हिरवी झालेली दाढी वर झाली. "अहो तज्ज्ञ! हे चिकट पांढरं काय साचलंय तळाला? कशाने निघेल?"

तुरटीचा साका. गरम पाणी ओतलं की सुटतो. हे एक उत्तर तज्ज्ञांना खरोखरच ठाऊक होतं. काल रात्रभर पिंपात तुरटी टाकून ते तेच बघत बसले होते.

त्यांनी पायावर पाय टाकला, टाकीत वाकून बघितलं, आणि अगदी मायेने म्हणाले, "मला माहीत नाही."